चिमणीचा फोटो कसा काढावा

आमच्या आबांचा कामावरचा एकही फोटो नाही. चौतीस वर्षं सोलापुरात गिरणीत काढली त्यांनी, त्यातली बहुतेक साळखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जातं तिथं. पण त्या काळातला त्यांचा फोटो म्हणून घरात आहे काय, तर गिरणीच्या पासवर चिकटवलेला नखाएवढा चेहरा. त्यावरही अर्धा शिक्का आलाय. साचे नाहीत, धोटा नाही, भोंगा झाल्यावर फाटकातून बाहेर पडणारी गर्दी नाही. आबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला आम्ही एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून मोठं केलं. खांद्यावर अजून कुणाचा तरी हात आहे.

हे सगळं मला आठवलं ते मँचेस्टरमध्ये, पावसात, एका चिमणीकडे मोबाईल धरून उभा असताना.

मावसबहीण तिथं एमएस्सी करायला गेली होती. तिच्या खोलीवर जमिनीवर झोपायची सोय होती, म्हणून मी गेलो. सोलापुरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. "युरोपला जातो म्हणतो आणि मँचेस्टर? पॅरिस तरी बघ की बे!" मित्रांचं चूक नव्हतं. फुटबॉल सोडला तर मँचेस्टरला कोण जातं? पण आमच्या गावाला लहानपणापासून कुणी ना कुणी मँचेस्टरची उपमा देत आलेलं. मला ते मूळचं गाव बघायचं होतं. हा लेख त्या आठ दिवसांचा आहे. तुम्ही कधी गेलात तर फोटो कुठं आणि कसे काढायचे, ते यात आहे. आणि ते फोटो काढताना मला काय कळलं, तेही.

निघण्याआधी

दोन गोष्टी. एक, शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये जाता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. दोन, ऋतू बघून जा. जूनच्या शेवटी तिथं सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत. मी ऑक्टोबरात गेलो. रोज पाऊस होता, पण आपला मुसळधार नाही. दिवसभर कुणीतरी फवारणी करत असल्यासारखा.

आपण सोलापूरची माणसं. ऊन म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, आणि फोटोला ऊन लागतंच असं आपण धरून चालतो. तिथं पहिल्या दिवशी आकाश बघून माझा मूड गेला. मग लक्षात आलं की ढगाळ उजेड हा फोटोसाठी फार सोयीचा असतो. सावल्या काळ्या पडत नाहीत, चेहरे उजळ येतात, आणि भिजलेल्या लाल विटेचा रंग असा काही उतरतो की फिल्टर लागत नाही. फक्त पांढरं आकाश फ्रेममध्ये कमी घ्या, नाहीतर खालचं सगळं काळं येतं. जे महत्त्वाचं आहे त्यावर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथं लॉक होतो; मग उजेड थोडा खाली ओढा. आणि खिशात एक सुती रुमाल ठेवा. लेन्सवरचा थेंब घरी आल्यावरच दिसतो.

कालवा, रेल्वे आणि कापूस

सुरुवात कॅसलफील्डपासून करा. इथं एकाच जागी कालवे, लोखंडी रेल्वेपूल आणि जुन्या वखारी आहेत. १७६० च्या दशकात ब्रिजवॉटर कालव्यातून इथं कोळसा यायला लागला आणि शहर फुगलं. संध्याकाळी दिवे लागतात पण आकाश अजून निळं असतं, ती वीस मिनिटं इथं गाठा. मोबाईल पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. अर्ध्या फ्रेममध्ये पूल आणि अर्ध्यात त्याचं प्रतिबिंब येईल.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर विज्ञान आणि उद्योग संग्रहालय आहे, तिकीट नाही. त्याच्या आवारात लिव्हरपूल रोड स्टेशन आहे: १५ सप्टेंबर १८३० ला सुरू झालेलं, जगातलं शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं प्रवासी रेल्वे स्टेशन. मी त्याच्या फलाटावर उभा राहून हिशोब केला. तीस वर्षांनी, १८६० मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली. इतक्या लवकर आपल्याकडे रेल्वे का आली, याच्या कारणांत कापूस होता. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेतून येणाऱ्या कापसावर चालत आणि तो गुलामांच्या कष्टाचा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला, आणि इथल्या लाखो कामगारांच्या चुली विझल्या. गिरणीमालकांचं लक्ष मग भारतातल्या कापसाकडे आणखी वळलं. त्या उपासमारीतही मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला होता. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना पत्र पाठवून आभार मानले. शहरात लिंकनचा पुतळा आहे तो त्यामुळे. फोटो काढा, पण चौथऱ्यावरचा मजकूरही काढा. घरी आल्यावर पुतळ्यापेक्षा तोच जास्त वेळा उघडाल.

दुसऱ्या दिवशी अँकोट्सला जा. १७९८ साली सुरू झालेल्या मरे बंधूंच्या वाफेवरच्या गिरण्या आणि त्यांच्या शेजारच्या इमारती रॉचडेल कालव्याच्या काठानं उभ्या आहेत. आता त्यांच्यात महागडे फ्लॅट, बेकरी आणि कॉफीची दुकानं. इथं एक चूक टाळा. उंच इमारत पूर्ण बसावी म्हणून आपण मोबाईलची अल्ट्रा-वाइड लेन्स लावतो आणि भिंती आत वाकतात. त्यापेक्षा साध्या १x वर ठेवून मागे चला, कालव्याच्या पलीकडे जा. ग्रिड चालू ठेवा, भिंतीची कड ग्रिडच्या उभ्या रेषेला लावा. आणि कुणी सायकलवाला फ्रेममध्ये येईपर्यंत थांबा. माणूस आल्याशिवाय गिरणी किती मोठी होती ते कळत नाही.

मी थांबलो. सायकलवाला आला, फोटो झकास आला. इन्स्टाग्रामवर टाकला. सोलापूरच्या एका मित्रानं खाली लिहिलं, "आपली पण अशीच होती ना?"

होती.

शेवटचा भाव

मोरारजी गोकुळदास या मुंबईच्या उद्योगपतींनी १८७० च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. आपण तिला जुनी गिरणी म्हणतो. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. त्या काळी भारतातल्या गिरण्यांची यंत्रं बहुतेक लँकेशायरहून यायची. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही त्यातली बडी कंपनी. म्हणजे मँचेस्टरनं आपल्याला कापड विकलं आणि कापड करायची यंत्रंही विकली. मग ती यंत्रं चालायला लागल्यावर त्याला आपली भीती वाटली. १८९६ पासून भारतातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर सरकारनं साडेतीन टक्के कर लावला, लँकेशायरच्या मालाला स्पर्धा नको म्हणून. हा कर जवळजवळ तीस वर्षं टिकला.

हे सगळं जिथं ठरायचं, त्या व्यापाराचं केंद्र म्हणजे रॉयल एक्स्चेंज. आता तिथं नाट्यगृह आहे. प्रचंड हॉलच्या मधोमध काचेचं आणि लोखंडाचं गोलसर रंगमंच-घर, एखादं यान उतरावं तसं. पण तुम्ही वर बघा. भिंतीवर उंचावर भावफलक आहे आणि त्यावर १९६८ मध्ये बाजार बंद झाला त्या शेवटच्या दिवसाचे कापसाचे भाव तसेच ठेवलेत. फोटोची टीप: झूम करू नका. आधी खालची चहा पिणारी माणसं आणि वर फलक असा पूर्ण फोटो घ्या, मग हवा तर जवळचा. नुसता फलक काढला तर तो कुठल्याही जुन्या फलकासारखा दिसतो.

मी तिथं बराच वेळ बसलो. माझ्या डोक्यात एकच विचार: आपल्याकडे शेवटच्या दिवशी शेवटच्या पाळीच्या हजेरीचं पुस्तक कुणी ठेवलं असेल का? आबा सांगायचे, त्या दिवशी ते डबा घेऊन गेले होते आणि तसाच भरलेला डबा घेऊन परत आले.

नावं कुठं लिहितात

रॉयल एक्स्चेंजपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर पीटरलूचं स्मारक आहे. १६ ऑगस्ट १८१९ ला सेंट पीटर्स फील्ड या मैदानात मताचा हक्क मागायला साठेक हजार लोक जमले होते. त्यांत हातमागावरचे विणकर पुष्कळ होते. घोडेस्वारांनी तलवारी घेऊन गर्दीत घोडे घातले. अठरा माणसं गेली, शेकडो जखमी झाले. त्यांचं स्मारक मात्र २०१९ मध्ये झालं, दोनशे वर्षांनी. ते पुतळ्याचं नाही. गोल गोल दगडी पायऱ्या आहेत, त्यांच्यावर मेलेल्यांची नावं आणि लोक ज्या गावांहून चालत आले होते त्या गावांची नावं कोरलीत. समोरून काढलेला फोटो इथं साधाच येतो. खाली बसा, मोबाईल दगडाला जवळजवळ टेकवा आणि पावसाचं पाणी साचलेली अक्षरं घ्या.

सोलापूरकराला इथं बसल्यावर ८ मे १९३० आठवणारच. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गाव रस्त्यावर आलं. गिरणी कामगारही त्यात होते. पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे गेले, आणखीही गेले. संतापलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं. त्यानंतरचे तीन दिवस गावात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. काँग्रेसचे स्वयंसेवक व्यवस्था बघत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आपल्या चौकात त्यांचे पुतळे आहेत. मी त्यांच्यासमोरून शेकडो वेळा रिक्षानं गेलोय. मँचेस्टरच्या दगडावरची नावं मी एकेक करून वाचली. चार पुतळ्यांखालचं मी तोवर एकदाही नीट वाचलं नव्हतं. परत आल्यावर पहिल्यांदा तिथंच गेलो.

आवाजाचा व्हिडिओ

विमानतळाच्या जवळ, शहराबाहेर, क्वॉरी बँक मिल आहे. १७८४ ची. आत तिकीट आहे, पण बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, हे बघा. कारण तिथं साचे अजून चालवून दाखवतात. शेजारी ॲप्रेंटिस हाऊस आहे, गिरणीत राबणारी लहान मुलं तिथं राहायची. मालक सॅम्युअल ग्रेग याच्या घराण्याची कॅरिबियनमध्ये गुलामांवर चालणारी मळ्याची मालमत्ताही होती. हे तिथले फलक लपवत नाहीत.

इथं फोटो काढू नका, व्हिडिओ काढा, आणि आवाज चालू ठेवून काढा. किमान एक मिनिट, मोबाईल न हलवता, मध्ये न बोलता. आपण नंतर त्यावर गाणं लावतो तसं लावू नका. मोजकेच साचे सुरू केले होते, तरी माझ्या छातीत ठोके बसत होते. आबांच्या खात्यात असे शेकडो होते.

चालवून दाखवणारे गृहस्थ म्हाताऱ्या बायकांसारखे ओठ लांबवून, आवाज न काढता काहीतरी बोलले आणि समोरची सहकारीण हसली. मग त्यांनी सांगितलं, याला लँकेशायरमध्ये 'मी-मॉ' म्हणतात. एवढ्या गदारोळात ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून विणकर बायका ओठ मोठे हलवून आणि हातवारे करून बोलायच्या, आणि गिरणीच्या बाहेरही ती सवय जायची नाही.

मला तिथं कठड्याला धरून उभं राहावं लागलं. आमचे आबा घरात असेच बोलायचे. जेवायला वाढ म्हणायचं असलं की ओठांचा मोठा आकार, हाताची चिमूट तोंडाकडे, आवाज शून्य. आम्ही पोरं हसायचो. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून आम्ही त्यांच्यावर ओरडायचोही. ती एका कारखान्याची भाषा होती आणि सात समुद्रांपलीकडे तिला नाव होतं, हे मला आबा गेल्यावर नऊ वर्षांनी कळलं.

ज्या फोटोसाठी गेलो

शेवटच्या दिवशी मँचेस्टर व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्लॅकबर्नच्या गाडीत बसलो आणि डार्वेनला उतरलो. छोटं गाव, टेकड्या, आणि सगळ्यांच्या वर एक चिमणी. तिनशे फुटांहून उंच, विटांची, इटलीतल्या चर्चच्या मनोऱ्यासारखी नक्षीदार. गिरणीचं नाव इंडिया मिल. १८६० च्या दशकातली. ब्लॅकबर्न-डार्वेनचा हा पट्टा आपल्यासाठी धोतरं विणायचा.

सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं त्यांना भेटायला ते मुद्दाम लँकेशायरला आले. २६ सप्टेंबरला डार्वेनच्या ग्रीनफील्ड मिलमध्ये एक फोटो निघाला. तो तुम्ही पाहिला असेल: मधे पांढऱ्या शालीत गांधीजी, आजूबाजूला ॲप्रन घातलेल्या गिरणीतल्या बायका, हात वर करून, तोंडभर हसत. गांधीजींनी त्यांचं दुःख ऐकून घेतलं, पण बहिष्कार मागे घेतो असं काही म्हणाले नाहीत. भारतातलं दारिद्र्य याहून कितीतरी खोल आहे हे सांगितलं. तरी त्या हसल्या. त्याच वर्षी जानेवारीत आपले चौघे फासावर गेले होते.

मी फोटोग्राफीचे बरेच व्हिडिओ बघितलेत. हा फोटो चांगला का, तर मला वाटतं त्यात एकही माणूस ऐटीत उभा नाही. फोटो काढणाऱ्यानं सगळ्यांना नीट उभं करण्यात वेळ घालवला असता तर तो क्षण गेला असता. म्हणून टीप एवढीच: माणसांचा फोटो काढताना आधी विचारा, मग बोला, आणि बोलता बोलता काढा. 'रेडी' म्हणू नका.

परतीच्या वाटेवर बोल्टन लागतं. तिथं फ्रेड डिबना या चिमण्या पाडणाऱ्या कारागिराचा पुतळा आहे. तो बुडाच्या विटा काढून लाकडी टेकू लावायचा, टेकूंना आग द्यायचा, आणि चिमणी त्याला हव्या त्या दिशेला आडवी व्हायची. टीव्हीवर देशभर गाजला. आणि आयुष्यभर चिमण्या पाडणारा हाच माणूस त्या वाचवाव्यात म्हणूनही बोलत राहिला.

ते वाचताना मला १५ जून २०२३ आठवला. सोलापूरच्या विमानतळाला अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा गावातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ती पडतानाचा व्हिडिओ होता. ती पाडावी की नाही यावर भांडून झालंय, मी त्यात पडत नाही. पण माझ्या फोनमध्ये ती पडतानाचे सात व्हिडिओ आहेत आणि उभी असतानाचा एकही फोटो नाही.

परत आल्यावर

मँचेस्टरनं भिंती ठेवल्या आणि आतली माणसं गेली. आपल्याकडे उलटं आहे. भिंती जातायत, पण त्यांच्यात काम केलेली माणसं अजून पेठांमधून, कट्ट्यांवर बसलेली आहेत. आणि विणकामही संपलेलं नाही. चादरीचे आणि टॉवेलचे यंत्रमाग चालू आहेत. म्हणून युरोपातल्या सगळ्या टिपा इथंही वापरा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, नाहीतर पाच नंतर. उंच भिंत असेल तर मागे चला, माणूस फ्रेममध्ये येऊ द्या. कारखान्यात जायचं तर मालकाला आणि कामगाराला, दोघांनाही विचारा. आवाज रेकॉर्ड करा. आणि फोटोसोबत नाव, जागा, तारीख लगेच लिहून ठेवा. गॅलरी ते लक्षात ठेवेल, तुम्ही नाही.

मी पहिला व्हिडिओ आज्जीचा काढला. तिला क्वॉरी बँकेतला व्हिडिओ दाखवला, आवाज पूर्ण मोठा करून. ती ऐकत राहिली. म्हणाली, "हे तर काहीच नाही रे." मग मी विचारलं, आबा जेवायला कसे मागायचे, करून दाखव. ती लाजली, पदर सारखा केला, आणि मग ओठांचा मोठा आकार करून, चिमूट तोंडाकडे नेऊन दाखवलं. पुढचं मी विचारलं नव्हतं. पण तिनं आणखी एक वाक्य तसंच केलं, हात हलवत, बराच वेळ, आवाज न काढता.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"ते आमचं आमचं," ती म्हणाली.

एक मिनिट नऊ सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात मागं पंख्याचा आवाज आहे, बाकी काही ऐकू येत नाही.